ब्राउझरचे व्हिज्युअल इफेक्ट्स बंद करून स्पीड कसा वाढवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इफेक्ट्स बंद केले तर ब्राउझर खरंच फास्ट होतो का?

होतो, पण नेमका कुठे होतो ते आधी समजून घ्या म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. पेज सर्व्हरवरून तुमच्यापर्यंत यायला जो वेळ लागतो तो नेटचा वेळ, त्याच्याशी इफेक्ट्सचा काही संबंध नाही आणि तो जराही कमी होणार नाही. फरक पडतो तो पेज आल्यानंतर, म्हणजे स्क्रोल करताना अडकत अडकत जाणं, मेनू उघडायला उशीर, टॅब बदलला की आधी पांढरं दिसणं, टाईप केलेलं अक्षर मागाहून उमटणं, आणि काही न करताही पंखा जोरात फिरत राहणं. कमी रॅमच्या, जुन्या इनबिल्ट ग्राफिक्सच्या मशीनवर हे लगेच जाणवतं. नव्या दणकट मशीनवर एवढंच होईल की ॲनिमेशन संपायची वाट बघावी लागणार नाही, आणि ते सुद्धा दिवसभर काम करणाऱ्याला कमी नाही.

जुना लॅपटॉप बदलायचा विचार करत असाल तर मी तरी म्हणेन की आधी हे सगळं करून बघाच, फुकटचं काम आहे आणि सगळं परत पहिल्यासारखं करता येतं.

व्हिज्युअल इफेक्ट्स म्हणजे नक्की काय काय धरायचं?

तीन वेगवेगळ्या जागचे इफेक्ट्स असतात आणि लोक सगळे एकत्र करून टाकतात म्हणून गोंधळ होतो. पहिले ऑपरेटिंग सिस्टीमचे, म्हणजे विंडो उघडताना मोठी होत येणं, अर्धपारदर्शक टास्कबार वगैरे. दुसरे ब्राउझरचे स्वतःचे, टॅब सरकणं, स्मूथ स्क्रोलिंग, हलणाऱ्या थीम, नवीन टॅबवरचे मोठे वॉलपेपर. तिसरे वेबसाईटने टाकलेले, म्हणजे खाली गेलं की हळूहळू उगवणारे फोटो, काचेसारखा धूसर हेडर, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, हलणाऱ्या जाहिराती. मशीनला सगळ्यात जास्त घाम फोडतात ते हे तिसरे, आणि ते बंद करायचं एकच बटण ब्राउझरमध्ये नसतं, म्हणून त्यांच्यासाठी खाली वेगळे प्रश्न आहेत.

साधं ॲनिमेशन तर आहे, त्याने एवढा लोड का येतो?

तुमचा स्क्रीन ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० वेळा चित्र नवीन काढायचं असतं, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ब्राउझरला स्टाईल मोजायची, कुठली गोष्ट कुठे बसणार ते ठरवायचं, रंगवायचं आणि सगळे थर एकावर एक ठेवून स्क्रीनवर पाठवायचं. जमलं तर गुळगुळीत दिसतं, नाही जमलं तर फ्रेम गळते आणि आपण म्हणतो अडकलं. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर हाच वेळ ८.३ मिलिसेकंदावर येतो, म्हणजे काम तेच आणि वेळ निम्मा.

आता सगळे इफेक्ट्स सारखे जड नसतात. एखादी गोष्ट नुसती सरकवणं किंवा फिकी करत नेणं हे ग्राफिक्स चिप बहुतेक वेळा एकटी करून टाकते, पान परत रंगवावं लागत नाही. पण रुंदी उंची बदलणारं ॲनिमेशन असेल तर आजूबाजूच्या सगळ्याची मांडणी दर फ्रेमला परत मोजावी लागते. मोठ्या पसरट सावल्या जड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे धूसर काच, कारण धूसर करायचं तर प्रत्येक पिक्सेलसाठी शेजारचे बरेच पिक्सेल वाचून त्यांची सरासरी काढावी लागते, आणि असा हेडर वरती चिकटलेला असेल तर तुम्ही स्क्रोल करताना त्याच्या मागचं चित्र सतत बदलतं म्हणून ते गणित प्रत्येक फ्रेमला नव्याने होतं. तुम्हाला वाटतं नुसती एक पट्टी तर आहे.

मेमरीचं पण तसंच. १९२० बाय १०८० चा एक पूर्ण स्क्रीनभर थर धरला तर एका पिक्सेलला ४ बाईट या हिशोबाने तो ८ एमबीच्या वर जातो, फोर के स्क्रीनवर ३३ एमबीच्या आसपास. साईटने असे पाच सात थर केले की इनबिल्ट ग्राफिक्सवाल्या मशीनची गोची होते कारण तिथे ग्राफिक्सची मेमरी तुमच्या रॅममधूनच जाते.

मग सुरुवात कुठून करू?

ऑपरेटिंग सिस्टीमपासून, ब्राउझरपासून नाही. कारण सिस्टीममध्ये ॲनिमेशन कमी करा असं सांगितलं की ब्राउझर ते वाचतो आणि पुढे वेबसाईटला पण कळवतो की या माणसाला हालचाल नको आहे. सफारीने ही सोय २०१७ मध्ये आणली, फायरफॉक्सने २०१८ मध्ये ६३ नंबरच्या आवृत्तीत, क्रोमने २०१९ मध्ये ७४ नंबरच्या आवृत्तीत. नीट बनवलेली साईट हे ऐकते आणि आपली ॲनिमेशन्स स्वतःहून बंद ठेवते, म्हणजे एका स्विचमध्ये तिन्ही जागचे बरेच इफेक्ट्स जातात.

ही सोय मुळात आली ती ज्यांना स्क्रीनवरच्या हालचालीने गरगरतं, मळमळतं, डोकं धरतं अशा लोकांसाठी, आणि त्यांच्यासाठी ती स्पीडपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. तुम्ही वेबसाईट बनवत असाल तर कृपया ही सेटिंग पाळा, थोड्या ओळींचं काम आहे.

विंडोजमध्ये हा स्विच कुठे सापडेल?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ॲक्सेसिबिलिटी, मग व्हिज्युअल इफेक्ट्स. तिथे ॲनिमेशन इफेक्ट्स आणि ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स असे दोन स्विच आहेत, दोन्ही बंद करा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ईझ ऑफ ॲक्सेस, डिस्प्ले असं जायचं आणि खाली विंडोजमध्ये ॲनिमेशन दाखवा आणि ट्रान्सपरन्सी दाखवा असे दोन स्विच मिळतील.

अजून खोलात जायचं तर जुनी परफॉर्मन्स ऑप्शन्सची खिडकी आहे, तिथे बेस्ट परफॉर्मन्सवर टिक केलं की सगळंच बंद होतं. पण थांबा, त्यात अक्षरांच्या कडा मऊ करणारा पर्याय पण बंद होतो आणि मग सगळीकडचा मजकूर, ब्राउझरमधला सुद्धा, खडबडीत आणि वाचायला त्रासदायक दिसतो. देवनागरीला तर जास्तच, कारण काना मात्रा वेलांट्या बारीक असतात. म्हणून सगळं बंद करा पण स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स या ओळीवर परत टिक करा, डोळ्यांचं नुकसान करून स्पीड नको.

मॅक आणि लिनक्सवर?

मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत रिड्यूस मोशन आणि रिड्यूस ट्रान्सपरन्सी हे दोन शोधा, आवृत्तीप्रमाणे ते डिस्प्लेखाली किंवा मोशनखाली असतात. लिनक्सवर नोम वापरत असाल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये ॲनिमेशनचा स्विच आहे, केडीई असेल तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये ॲनिमेशन स्पीडची पट्टी पार इन्स्टंटकडे ओढा.

क्रोममध्ये वेगळं काय करायचं?

विंडोजवर वरचा स्विच बंद केला की क्रोमचं स्मूथ स्क्रोलिंग आपोआप जातं, वेगळं काही करावं लागत नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि मग क्रोम अचानक झटके देत स्क्रोल करतोय म्हणून ते घाबरतात, तर ते बिघडलेलं नाही, तुम्हीच मागितलंय. सिस्टीमची ॲनिमेशन्स ठेवून फक्त क्रोमचं स्मूथ स्क्रोलिंग घालवायचं असेल तर ॲड्रेसबारमध्ये chrome://flags टाकून फ्लॅग्जचं पान उघडा, तिथे स्मूथ स्क्रोलिंग शोधून डिसेबल करा आणि क्रोम रिलाँच करा. फ्लॅग्ज मात्र प्रयोगाची जागा आहे, आज असलेला पर्याय पुढच्या आवृत्तीत गायब होऊ शकतो, आणि तिथे दिसेल ते चालू बंद करत सुटू नका.

दुसरं म्हणजे सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स म्हणून भाग आहे. तिथला एनर्जी सेव्हर बॅकग्राउंडची कामं आणि स्मूथ स्क्रोलिंग, व्हिडिओचा फ्रेम रेट अशा गोष्टींवर मर्यादा घालतो. हा बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी आहे, बॅटरी २० टक्क्यांवर आल्यावर किंवा चार्जर काढल्या काढल्या, दोन्हीपैकी एक निवडता येतं. मेमरी सेव्हर पण तिथेच आहे, तो इफेक्ट्सचा विषय नाही पण चालू ठेवा, न वापरलेले टॅब मेमरीतून काढतो.

आणि नवीन टॅबचं पान. फिरते वॉलपेपर, घड्याळ, हवामान असलं दाखवणारं एक्स्टेन्शन लावलं असेल तर प्रत्येक नवीन टॅबला ते सगळं परत लोड होतं. काढून टाका, या एकाच गोष्टीने काही जणांचं अर्धं दुखणं जातं.

फायरफॉक्समध्ये?

फायरफॉक्सवाल्यांच्या हातात सगळ्यात जास्त कंट्रोल आहे. सेटिंग्जच्या जनरल भागात खाली ब्राउझिंगमध्ये यूज स्मूथ स्क्रोलिंगची टिक आहे ती काढा. टॅब आणि मेनूची ॲनिमेशन्स सिस्टीमच्या स्विचवरूनच जातात.

हलणारी जिफ चित्रं थांबवायची असतील तर ॲड्रेसबारमध्ये about:config टाकून अबाउट कॉन्फिगच्या पानावर जाऊन शोधायच्या जागी इमेज डॉट ॲनिमेशन टाका, मोडवाली ओळ येईल, तिथे नॉर्मल लिहिलेलं असतं. तिथे वन्स केलं तर प्रत्येक जिफ एकदाच चालून थांबते आणि नन केलं तर हलतच नाही. मला वन्स बरं वाटतं, काय आहे ते कळतं आणि नंतर शांतता. ही व्हॅल्यू इंग्रजीत लहान अक्षरांत लिहायची.

थीम पण बघा. फायरफॉक्ससाठी हलणाऱ्या थीम मिळतात आणि त्या पूर्ण वेळ वरच्या पट्टीत चालू असतात, तुम्ही काहीही वाचत असलात तरी. साधी सिस्टीमची थीम लावा.

एज, विवाल्डी, ऑपेरा वापरतो, त्यात काय?

एजमध्ये नवीन टॅबचं पान हेच मुख्य, तिथलं बॅकग्राउंड चित्र आणि बातम्यांचा फीड बंद करा, आणि परफॉर्मन्समध्ये एफिशिएन्सी मोड आणि स्लीपिंग टॅब्ज चालू ठेवा. विवाल्डीत अपिअरन्समध्ये यूज ॲनिमेशनची टिक काढता येते आणि याचा फरक चांगला पडतो कारण विवाल्डीची अख्खी वरची मांडणी वेबपेजसारखीच बनवलेली आहे. ऑपेरात हलणारे वॉलपेपर आणि थीम बदलून साधे लावा.

हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करा असं सगळे सांगतात, करू का?

सहसा नको. स्पीड वाढवायच्या जवळजवळ प्रत्येक यादीत हे पहिल्या पाचात असतं आणि त्यामुळे कितीतरी लोकांचे ब्राउझर उलटे स्लो झाले असतील.

हार्डवेअर ॲक्सेलरेशन हा इफेक्ट नाहीच. इफेक्ट्सचं, स्क्रोलिंगचं आणि व्हिडिओचं काम सीपीयूवरून काढून ग्राफिक्स चिपकडे द्यायची ती सोय आहे. ती बंद केली की काम कमी होत नाही, तेच सगळं काम सीपीयूच्या डोक्यावर येतं, आणि आधीच दमलेल्या जुन्या सीपीयूला ते झेपत नाही. व्हिडिओत तर सगळ्यात जास्त कळतं, ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला वेगळा भाग असतो तो वापरलाच जात नाही आणि मग साधा व्हिडिओ बघताना पंखा बोंबलायला लागतो, बॅटरी धडाधड उतरते.

बंद कधी करायचं तर चित्र फाटल्यासारखं दिसत असेल, काळे चौकोन येत असतील, व्हिडिओच्या जागी हिरवं दिसत असेल, ब्राउझर उघडल्यावर पूर्ण पांढरा राहत असेल. हे ग्राफिक्स ड्रायव्हरचे, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रॉब्लेम असतात. आधी ड्रायव्हर अपडेट करा, तरीही राहिलं तर बंद करून बघा. क्रोममध्ये सेटिंग्ज मग सिस्टीम, फायरफॉक्समध्ये जनरलमध्ये परफॉर्मन्सखाली रेकमेंडेड सेटिंग्जची टिक काढली की तो पर्याय दिसतो. दोन्हीकडे ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडायचा.

उलटंही तपासा. कधी कधी ते चालू दिसतं पण ब्राउझरने ड्रायव्हर जुना आहे म्हणून आतून बंद केलेलं असतं. क्रोममध्ये ॲड्रेसबारमध्ये क्रोम कॉलन दोन स्लॅश जीपीयू टाईप केलं, इंग्रजीतच, की यादी येते, तिथे बऱ्याच ओळींसमोर सॉफ्टवेअर ओन्ली लिहिलेलं असेल तर सगळा भार सीपीयूवर आहे. फायरफॉक्समध्ये अबाउट सपोर्टच्या पानावर ग्राफिक्समध्ये कंपोझिटिंगसमोर वेबरेंडर सॉफ्टवेअर असं असेल तर तीच गोष्ट. अशा मशीनवर इफेक्ट्स बंद करणं सगळ्यात जास्त कामाला येतं.

काही साईट्स तरीही हलतातच, ऐकत नाहीत. त्यांचं काय करायचं?

सिस्टीमची सेटिंग ही साईटला केलेली विनंती आहे, जबरदस्ती नाही, त्यामुळे जावास्क्रिप्टने हट्टाने ॲनिमेशन चालवणाऱ्या साईट्स राहतातच. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे ॲड ब्लॉकर, कारण पानावरची बरीचशी हालचाल जाहिरातींची असते. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन पूर्ण चालतं, क्रोममध्ये आता जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद झाल्यामुळे त्याचं लाईट व्हर्जन वापरावं लागतं, ते पण चांगलं आहे. ज्या साईट्स तुम्हाला आवडतात आणि सभ्य जाहिराती देतात त्यांना यातून सूट द्या.

मोठा लेख वाचायचा असेल तर रीडर मोड. फायरफॉक्समध्ये आणि एजमध्ये विंडोजवर एफ ९ दाबलं की फक्त मजकूर आणि चित्रं राहतात, बाकी सगळं गायब. क्रोमचा रीडिंग मोड बाजूच्या पट्टीत उघडतो आणि मूळ पान शेजारी तसंच चालू राहतं, त्यामुळे वाचायला सोपं पण लोड कमी होत नाही.

स्टायलस नावाचं एक्स्टेन्शन घेऊन सगळ्या साईट्सवर ॲनिमेशन, ट्रान्झिशन आणि मागचं धूसर करणारा फिल्टर बंद असा एक नियम लिहिता येतो. थोडं सीएसएस, म्हणजे वेबपेजचं रूप ठरवणारी भाषा, येत असेल तर हे जबरदस्त आहे. पण काही साईट्स ॲनिमेशन संपल्याचा इशारा मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, मग मेनू उघडत नाही किंवा पॉपअप बंद होत नाही. अशी साईट सापडली की तिच्यापुरता नियम बंद ठेवा.

आपोआप चालू होणारे व्हिडिओ कसे थांबवायचे?

फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली परमिशन्समध्ये ऑटोप्ले आहे, तिथे ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही ब्लॉक करा, नुसता ऑडिओ ब्लॉक असेल तर म्यूट व्हिडिओ चालूच राहतात. क्रोममध्ये अशी सोपी सेटिंग नाही, तिथे एक्स्टेन्शन लागतं किंवा साईटच्या स्वतःच्या सेटिंगमधून बंद करावं लागतं.

युट्यूबवर डार्क थीम लावली असेल तर व्हिडिओच्या भोवती रंगांचा मंद उजेड पसरतो, ॲम्बियंट मोड म्हणतात त्याला, २०२२ मध्ये आला. व्हिडिओवरच्या गिअरमध्ये जाऊन बंद करा. तो दिसायला हलका वाटतो पण व्हिडिओ चालू आहे तोपर्यंत सतत रंगवत बसतो.

डार्क मोडने स्पीड वाढतो का?

नाही. ओलेड स्क्रीनवर बॅटरी वाचते, कारण काळा पिक्सेल बंद असतो, स्पीडशी संबंध नाही. उलट प्रत्येक साईट जबरदस्तीने डार्क करणारी एक्स्टेन्शन्स पानाचे सगळे रंग वाचून बदलतात, मोठ्या पानांवर त्याने लोड वाढतो. साईटचा स्वतःचा डार्क मोड असेल तर तोच वापरा.

मागे उघडे असलेले टॅब पण ॲनिमेशन करत असतात का?

दिसत नसलेल्या टॅबमध्ये रंगकाम थांबलेलं असतं आणि टायमर पण ब्राउझर मंद करतो. ते मेमरी खातात हे खरं, पण त्यांच्या ॲनिमेशनमुळे समोरचं पान अडकत नाही. दुसरी विंडो शेजारी उघडी दिसत असेल तर मात्र ती पूर्ण काम करत असते.

मोबाईलवर काय करता येईल?

अँड्रॉईडवर अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात विंडो ॲनिमेशन स्केल, ट्रान्झिशन ॲनिमेशन स्केल आणि ॲनिमेटर ड्युरेशन स्केल असे तीन असतात. तिन्ही ०.५ वर आणा, फोन बदलल्यासारखा वाटेल. पूर्ण बंद केलं तर काही ॲप्समध्ये लोडिंगची गोल चकती फिरतच नाही आणि हँग झालं असं वाटतं, म्हणून मी ०.५ सुचवते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जायचं नसेल तर ॲक्सेसिबिलिटीत रिमूव्ह ॲनिमेशन्स असतं, त्याने ब्राउझर साईट्सना पण कळवतो.

आयफोनवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मोशन, रिड्यूस मोशन. आयओएस १७ पासून तिथेच हलणारी चित्रं आपोआप चालू नकोत असाही स्विच आहे.

फरक पडला की नाही हे बघायचं कसं?

एकावेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने झालं ते कळणार नाही. तुम्हाला ज्या पानावर त्रास होतो तेच पान उघडा, क्रोममध्ये शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढा, फायरफॉक्समध्येही तेच दाबा, आणि स्क्रोल करताना सीपीयूचा आकडा बघा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रेंडरिंग भागात फ्रेम दाखवणारा मीटर पण आहे, गळणाऱ्या फ्रेम्स तिथे डोळ्यांना दिसतात. हार्डवेअर ॲक्सेलरेशन चालू ठेवायचं की बंद हा वाद मिटवायचा असेल तर मोशनमार्क ही ग्राफिक्सची चाचणी दोन्ही वेळा चालवून बघा. स्पीडोमीटर नावाची दुसरी चाचणी वेब ॲप किती चटकन प्रतिसाद देतं ते मोजते, ग्राफिक्ससाठी मोशनमार्कच बरी.

सगळं केलं तरी स्लो आहे, आता?

मग प्रश्न इफेक्ट्सचा नव्हताच. टास्क मॅनेजरमध्ये रॅम भरलेली दिसते का बघा, भरली असेल तर सिस्टीम डिस्कवर लिहित वाचत बसते आणि जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर सगळंच रांगतं. एक्स्टेन्शन्स सगळी बंद करून एक एक परत चालू करा. स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झवर चालत असेल आणि ग्राफिक्स साधं असेल तर डिस्प्ले सेटिंगमधून ६० करून बघा, फ्रेमला मिळणारा वेळ दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. आणि पान यायलाच वेळ लागत असेल, म्हणजे आल्यावर सगळं सुरळीत पण येईपर्यंत पांढरं, तर राउटर आणि कनेक्शनकडे वळा, ब्राउझरच्या सेटिंग्ज चाळत बसू नका.

परत पहिल्यासारखं करायचं असेल तर?

सिस्टीमचे स्विच परत चालू करा, क्रोमच्या फ्लॅग्जच्या पानावर वर रिसेट ऑल आहे ते दाबा, फायरफॉक्सच्या अबाउट कॉन्फिगमध्ये बदललेल्या ओळी ठळक दिसतात, त्यांच्या उजवीकडचा उलटा बाण दाबला की मूळ व्हॅल्यू येते. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी यांना यातल्या कशानेही धक्का लागत नाही.